रातपाळीची दुपार

सुरतेला हिवाळा असतो असं फक्त कॅलेंडर छापणारे म्हणतात. आम्हाला तो ट्रंकेतून स्वेटर काढून पुन्हा ट्रंकेत ठेवण्यापुरता मिळतो. त्या दिवसांत आंघोळीला गिझर लावायचा आणि संक्रांत झाली की त्याच्या बटणावर चिकटपट्टी मारून टाकायची, एवढंच आमचं थंडीचं लाइट बिल. खर्चाचा खरा ऋतू होळीनंतर येतो. कोसाडच्या आमच्या फ्लॅटमध्ये यंदाही तो आला. सकाळीच भिंती तापल्या, खिडकीचा गज हाताला चटका देऊ लागला, आणि मी सवयीने खाली जाऊन मीटर बघून आले.

मीटरवर एक लाल ठिपका लुकलुकत असतो. घरात वीज कमी जळत असेल तर तो रमतगमत लुकलुकतो, एसी चालू असेल तर घाईघाईने. इतकी वर्षं मी त्याच्याकडे बघत आले आहे की नुसत्या ठिपक्यावरून घरात काय चालू आहे ते सांगते. माझी मुलगी पूर्वा याला खुळेपणा म्हणते. म्हणू दे. घराचं लाइट बिल आटोक्यात ठेवणं हे लग्नानंतर माझ्या वाट्याला आलेलं खातं आहे आणि ते मी कोणाला दिलेलं नाही. पण उन्हाळ्यातला पहिला घाईचा ठिपका दिसला की माझ्या मानेवर काटा येतो, हेही खरं. त्याला कारण लिंबायतच्या घरातला एक उन्हाळा आहे.

लिंबायतचं आमचं घर लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्याला पाठ लावून उभं होतं. खाली भाडेकरू, वर आम्ही. वरती दोनच खोल्या, एक बाहेरची आणि एक आतली. मागच्या गल्लीत लूम दिवसरात्र चालायचे आणि त्यांची थरथर भिंतीतून घरात यायची. फळीवरचे स्टीलचे पेले एकमेकांना लागून बारीक किणकिणत राहायचे. नवा पाहुणा दचकायचा. आम्ही मात्र लाइट गेल्यावर दचकायचो, कारण तेव्हा लूम थांबायचे, पेले गप्प व्हायचे आणि पाळण्यातली पोरं रडत उठायची.

माझे सासरे, ज्यांना मी मामा म्हणायचे, जन्मभर याच लूमवर उभे राहिले. अमळनेरकडचं गाव सोडून आले तेव्हा नुकतं मिसरूड फुटलेलं होतं म्हणे. पंधरवडाभर दिवसपाळी, पंधरवडाभर रातपाळी, असं त्यांचं आयुष्य गेलं. आमच्या गल्लीत ज्या घरी रातपाळीचा माणूस असेल त्या घराची दुपार वेगळी असायची. चपला जिन्यातच काढायच्या. कुकर लावायचा नाही. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणायचे, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सारून ठेवायच्या, म्हणजे भांडी घासताना वाजायला नकोत. घरातला एकुलता कूलर आतल्या खोलीत त्या झोपलेल्या माणसासाठी. बाकीच्यांनी बाहेर घाम पुसत कुजबुजायचं. यात तक्रार कोणाची नसे. दिवसा झोप झाली नाही तर रात्री लूमवर डुलकी लागते, आणि डुलकी लागली की बोट जातं. गल्लीत तसे हात आम्ही बघितलेले होते.

गंमत अशी की मामांना ऐकूच येत नव्हतं. लूमच्या आवाजाने त्यांचे कान केव्हाच गेले होते. उशाशी ताशा वाजवला असता तरी त्यांनी कूस बदलली नसती. त्यांना जाग यायची ती फक्त थरथर थांबली की. लाइट गेली, लूम बंद पडले, की आतून लोखंडी पलंग करकरायचा आणि मामा उठून बसायचे. हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी आत्याबाई कुजबुजायच्या आणि त्यांच्यामुळे आम्हीही.

मामा दिवाळीच्या सुट्टीत गेले. कारखाने बंद, गल्ली गप्प, आणि ती शांतता असूनही ते उठले नाहीत, तेव्हाच आत्याबाईंना कळलं. त्यानंतर जो उन्हाळा आला, त्याची ही गोष्ट.

माझा नवरा सुनील हजीऱ्याच्या एका प्लांटमध्ये कामाला. त्याची बस पहाटेच यायची. मी रिंग रोडच्या कापड मार्केटमध्ये एका दुकानात बिलं बनवायला जायचे. पूर्वा तेव्हा शाळेत होती. सुट्टी लागली तशी तिला माझ्या बहिणीकडे पाठवलं होतं. म्हणजे दिवसभर घरी आत्याबाई एकट्या. साड्यांवरचे सुटे धागे कापून द्यायचं काम त्या घरी बसून करायच्या. रंगीत साड्यांचा ढीग मांडीवर, हातात छोटी कात्री.

त्या वर्षी मी बिलाचा चंग बांधला होता. युनिटचा एक टप्पा ओलांडला की पुढचा दर चढतो, तेव्हा तो टप्पा ओलांडायचाच नाही. गच्चीवर चुना मारून घेतला. खिडकीला गोणपाट बांधून त्यावर पाणी शिंपडायची सोय केली. कूलर फक्त रात्री, आणि तेव्हा सगळ्यांनी आतल्या एकाच खोलीत झोपायचं. दुपारी आत्याबाईंपुरता बाहेरच्या खोलीतला पंखा. सगळं काटेकोर पाळलं, आणि बिल आलं ते बघून मी डोक्याला हात लावला. मागच्या उन्हाळ्यात घरात एक माणूस जास्त होता. बिल तेव्हाच्याइतकंच होतं.

माझा पहिला संशय खालच्या भाडेकरूवर गेला. राधाबाई मराठवाड्यातून नव्यानेच आलेली, मामा गेल्यानंतर. तिचं मीटर वेगळं, पण वायर ओढायला कितीसा वेळ लागतो. मी गोड बोलून चौकशी करायला गेले. तिने पाट दिला, पाणी दिलं आणि स्वतःच विषय काढला.

"दुपारी आमच्या लेकरांचा तरास होत नाही ना वो? मी दामटून गप बसवते. वरी रातपाळीचं माणूस झोपलेलं असतंय."

मी म्हटलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात. खोकतेत की मधी मधी."

मी पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला. वायरीचं विचारायचं राहूनच गेलं.

त्याच आठवड्यात एकदा मी जेवणाच्या सुट्टीत दुकानातून निघाले. भर दुपारी लिंबायतला कधी आला असाल तर माहीत असेल, त्या वेळी तिथे सावलीसुद्धा पायाखाली दडून बसते. रिक्षा रिकाम्या उभ्या, दुकानांची शटरं अर्धी ओढलेली, आणि माणूस दिसत नसताना सगळ्या गल्लीतून लूमचा आवाज. इतकी माणसं काम करताहेत आणि एकही दिसत नाही, याची मला तेवढ्या दुपारपुरती भीती वाटली. जिन्याखाली मीटर होतं. लाल ठिपका घाईघाईने लुकलुकत होता. एका पंख्याला एवढी घाई नसते.

मी चपला हातात घेऊन वर गेले. का घेतल्या कोण जाणे. आत्याबाई आतल्या खोलीच्या दाराला पाठ लावून बसल्या होत्या. पदर ओला करून डोक्यावर घेतलेला, तो वाळून कडक झालेला. अंगातला झंपर घामाने काळा पडलेला. वरचा पंखा बंद. बांगड्या कोपरापाशी. मला बघून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

"हयू बोल. त्या जपेल शेतस."

हळू बोल, ते झोपलेत. अहिराणी माझ्या घरची भाषा, तिची मला कधी भीती वाटली नव्हती. मी दार ढकललं. आतला गारवा अंगावर आला, ओल्या वाळ्याच्या वासाचा. कूलर भरून चालू होता आणि त्याचं तोंड रिकाम्या पलंगाकडे होतं. चादर मी सकाळी स्वतः ताणून घातलेली. तिच्या मधोमध माणूस कुशीवर झोपल्यावर पडतो तसा खड्डा होता. उशीवर धाग्याचे बारीक तुकडे होते. मी मनाशी म्हटलं, साड्यांचे असतील, आत्याबाईंच्या हाताला लागून आले असतील. पण साड्या रंगीत होत्या. उशीवरचे धागे कोरे होते, लूमवरच्या न रंगवलेल्या कापडाचे.

मी बाहेर येऊन विचारलं, "आणि तुमचा पंखा का बंद?"

त्या माझ्याकडे, मी काहीतरी अडाण्यासारखं बोलले असं बघत राहिल्या. "बिल येस ना, बेटा. आतमा एक चालू शे. आखो दुसरा कसाले?"

बिल येतं ना. आत एक चालू आहे, मग दुसरा कशाला. माझाच हिशेब, माझ्याच तोंडचे शब्द. मी रोज सकाळी निघताना हेच बजावत होते आणि त्यांनी ते शब्दशः पाळलं होतं. रिकाम्या पलंगाला वारा घालून त्या स्वतः भाजत बसत होत्या. बिलाची चिंता त्या क्षणी माझ्या मनातून गेली. ही बाई अशीच बसत राहिली तर या उन्हाळ्यात आमच्या हातून जाणार, एवढंच मला दिसलं.

संध्याकाळी सुनीलला सांगितलं. तो चिडला नाही. आईशी तो कधी चढ्या आवाजात बोलत नसे. त्याने कूलरच्या वायरीचा प्लग कापून पिशवीत टाकला आणि म्हणाला, आता प्रश्न मिटला. दुसऱ्या दिवशी परत आलो तर आत्याबाईंचा उजवा हात मनगटापासून सुजलेला. दिवसभर त्या पलंगाशेजारी उभं राहून हातपंख्याने वारा घालत होत्या. सुनीलने प्लग पुन्हा जोडला. जोडताना त्याचे डोळे भरून आले होते, आणि माझेही.

त्या रविवारी दुपारी लाइट गेली. आम्ही तिघंही बाहेरच्या खोलीत होतो. लूम थांबले, पेले गप्प झाले, खाली राधाबाईचं तान्हं रडायला लागलं. आणि आतल्या खोलीत पलंग करकरला. एखादा माणूस उठून बसल्यावर करकरतो तेवढाच, एकदा. मी सुनीलकडे बघितलं. सुनील जमिनीकडे बघत होता. आत्याबाई उठल्या, माठातलं पाणी पेल्यात घेतलं आणि आत घेऊन गेल्या. लोखंड उन्हाने प्रसरण पावतं, हे मी शाळेत शिकले आहे. तेव्हाही मला तेच आठवलं, आणि त्याचा काही उपयोग झाला नाही.

मग मला एक युक्ती सुचली. आमच्यासारख्यांच्या घरातच सुचू शकेल अशी. मी आत्याबाईंजवळ बसले आणि त्यांच्याच बोलीत म्हटलं, "आत्याबाई, मामासनी पायी बदलनी. आते दिवसपायी शे."

मामांची पाळी बदलली, आता दिवसपाळी. त्यांनी कात्री थांबवली. "कोनी सांगं?"

"मुकादमनी."

मुकादमाच्या वर आमच्या गल्लीत देव. त्या म्हणाल्या, "मंग डबा लागी त्यासले."

डबा लागणारच. दिवसपाळीचा माणूस डबा नेतो. दुसऱ्या दिवसापासून त्या पहाटे उठून मामांचा डबा भरू लागल्या, भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी, आणि मी तो मार्केटमध्ये नेऊन खाऊ लागले. संध्याकाळी रिकामा डबा घासताना त्या विचारायच्या, भाजी आवडली का त्यांना. मी म्हणायचे, आवडली. आणि दुपारी, माणूस कामावर गेलेला, पलंग मोकळा, म्हणून आत्याबाई आत जाऊन कूलरच्या गारव्यात झोपू लागल्या. त्यांच्या चेहऱ्यावर तजेला आला. हाताची सूज उतरली. मीटर बघणं मी सोडून दिलं. चढू दे टप्पा, म्हटलं. माझा जीव भांड्यात पडला होता आणि आपल्या हुशारीवर मी मनातल्या मनात खूशही होते.

मग एका सकाळी आत्याबाईंनी डबा दिला नाही. मला वाटलं, विसरल्या असतील. वय झालंय. दुकानात गेले, कामात बुडाले. दुपारी जेवायला उठले, सवयीने पिशवीत हात घातला, डबा नव्हता. आणि हात पिशवीतच राहिला. पंधरवडा उलटला होता. लूमवाल्याच्या घरातली सून मी, आणि पाळी पुन्हा फिरते हेच विसरले होते. आत्याबाई कशा विसरतील. मामा आज पहाटे रातपाळी करून घरी आले होते आणि आत झोपले होते.

रिक्षावाल्याला मी काय सांगितलं ते आठवत नाही. त्या दिवशी झळांची लू सुटली होती. गल्लीत कुत्रंही नव्हतं. मीटरचा ठिपका लुकलुकत होता आणि मी त्याच्याकडे बघत बघतच जिना चढले.

आत्याबाई दाराशी आडव्या झाल्या होत्या. पंखा बंद. अंगाला हात लावला तर तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा टिपूस नाही. डोळे अर्धे उघडे. ओठ हलत होते पण आवाज येत नव्हता. मी राधाबाईला हाक मारली, माठातलं पाणी त्यांच्या अंगावर ओतलं आणि त्यांना उचलून आत न्यायला लागले. त्या स्थितीतही त्यांनी चौकटीला हात घट्ट धरला. बोटं सुटेनात.

"त्या जपेल शेतस," त्या पुटपुटल्या.

मी त्यांना समजावू शकत होते. मामा नाहीत, हे सांगू शकत होते. सगळ्या उन्हाळ्यात आम्ही ते एकदाही मोठ्याने बोललो नव्हतो, आणि त्या क्षणीही मला ते सुचलं नाही. खरं सांगायचं तर मला ते पटलंच नसतं. मी रिकाम्या पलंगाकडे बघितलं आणि जन्मात कधी मामांशी बोलले नव्हते इतक्या मोठ्याने म्हणाले,

"मामा, जरा सरका."

पलंग करकरला.

आत्याबाईंनी चौकट सोडली. राधाबाई मागून वर आली होती, पाण्याची बादली घेऊन, ती दारातच थबकली. मग तिने बादली खाली ठेवली. आम्ही दोघींनी आत्याबाईंना पलंगाच्या अलीकडच्या कडेला झोपवलं. मधोमध नाही. मला कोणी सांगितलं नव्हतं, पण मधोमध ठेवावंसं वाटलं नाही. ओली फडकी काखेत, कपाळावर, कूलर पूर्ण. मग गल्लीतला डॉक्टर आला, बाटली लावली. दिवस कलला तसा त्यांच्या कपाळावर घाम फुटला. माणसाला घाम आला म्हणून मी पहिल्यांदाच देवाला हात जोडले.

त्यानंतर कुठलीही युक्ती करावी लागली नाही. रातपाळीचा पंधरवडा असो की दिवसपाळीचा, आत्याबाई दुपारी आत जायच्या, पलंगाच्या कडेला अंग टाकायच्या आणि झोपायच्या. मी त्यांना एवढंच सांगितलं होतं की कूलरला एक माणूस काय नि दोन काय, बिल तेवढंच येतं. हे त्यांना पटलं. बिल त्या उन्हाळ्यात टप्पा ओलांडून गेलं आणि मी ते भरलं. राधाबाई पोरांना दुपारी गप बसवत राहिली.

पुढे काही वर्षांनी एका पावसाळ्यात आत्याबाई झोपेतच गेल्या, त्याच कडेला. मग लिंबायतचं घर विकलं, लोखंडी पलंग भंगारात दिला आणि आम्ही कोसाडला आलो. इथे लूमची थरथर नाही. पेले फळीवर मुके असतात. दिवाण नवा आहे, करकरत नाही. एसी घेतला, तोही वीज कमी खाणारा, बघून-पारखून. तो मी गार करून सोडत नाही, बेताचा ठेवून जोडीला पंखा लावते, म्हणजे बिलही बेतात राहतं. सगळ्यांनी दुपारी एकाच खोलीत बसायचं, हा नियम अजून आहे.

परवा दुपारी पूर्वा कॉलेजमधून उन्हाने लाल होऊन आली. सुनील कामावर गेलेला, मी नुकतीच आडवी झाले होते. तिने सँडल दारातच उडवले, दप्तर टाकलं, आणि दिवाणाशी येऊन उभी राहिली. घरात ती मराठीपेक्षा गुजरातीच जास्त बोलते.

"मम्मी, तू तो साव किनारी पर सूती छे. वचमां आटली बधी जग्या कोना माटे राखी?"

अगदी कडेला झोपली आहेस, मधे एवढी जागा कोणासाठी ठेवलीस. मी मान वळवून बघितलं. खरंच, माझ्या आणि भिंतीच्या मधे एक माणूस सहज झोपेल एवढी जागा होती. चादर सकाळी मीच ताणून घातली होती. मी पूर्वाकडे बघितलं, आणि माझा हात आपोआप वर गेला, बांगड्या कोपराकडे सारत.

"हयू बोल, बेटा," मी म्हटलं.